सही कोणाची, निर्णय कोणाचा?



शस्त्रखरेदीतला घोटाळा म्हटलं की आपल्याला बोफोर्स आठवतं. आज मी तुम्हाला जर्मनीत नेतो. तिथल्या संरक्षण मंत्रालयात मंत्र्याच्या खालोखाल जे सचिव असतात, त्यांतल्या एकाकडे शस्त्रखरेदीचं खातं असतं. हा माणूस निवडून आलेला नसतो आणि गणवेशातलाही नसतो. मंत्र्याच्या मनात आलं, तर कारण न देता त्याला घरी बसवता येतं.

१९८७ ते १९९२ या काळात त्या खुर्चीवर लुडविग-होल्गर फाल्स होते. त्याआधी ते देशाच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचे प्रमुख होते, हे ध्यानात ठेवा. १९९१मध्ये, आखाती युद्धाच्या धामधुमीत, सौदी अरेबियाला ३६ 'फुक्स' चिलखती गाड्या हव्या होत्या, आणि त्याही तातडीने. फुक्स म्हणजे कोल्हा. नवीन गाड्या बनायला वेळ लागणार होता, म्हणून जर्मन सैन्याने आपल्याच ताफ्यातल्या काढून दिल्या. व्यवहार ४४ कोटी ६० लाख मार्कांचा होता आणि त्यातले सुमारे २२ कोटी दलाली वगैरेत गेले. जवळजवळ निम्मे! आपल्याकडचे टक्केवारीवाले यापुढे फारच संकोची वाटतात. दलाल कार्लहाइन्त्स श्रायबर यांच्या स्विस खात्यांत 'होल्गार्ट' नावाचा एक कप्पा होता. नाव लपवायचं तर निदान एवढं सोपं तरी ठेवू नये.

१९९९मध्ये फाल्स पसार झाले. हेरांचा माजी प्रमुख पाच वर्षं कोणाच्या हाती लागला नाही. २००४च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये त्यांना अटक झाली. सुमारे ३८ लाख मार्क घेतल्याचं त्यांनी कबूलही केलं. मला खरा रस आहे तो यापुढच्या भागात. २००५मध्ये आउग्सबुर्गच्या न्यायालयात माजी चॅन्सेलर हेल्मुट कोल साक्षीला आले. गाड्या देण्याचा निर्णय आपला स्वतःचा होता, असं त्यांनी सांगितलं. मग फाल्स यांनी विकलं काय? पैसे घेऊन कर्तव्य मोडल्याचा आरोप टिकला नाही. पदावर असताना लाभ स्वीकारणं आणि कर बुडवणं, एवढ्यावर सव्वादोन वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे निर्णय एकाचा आणि मोबदला दुसऱ्याला. पण मी याला निव्वळ आयत्या बिळावरचा नागोबा म्हणणार नाही. अशा खुर्चीतला माणूस 'हो' विकत नसतो. 'नाही' म्हणता येत असूनही तो म्हणणार नाही, याची खात्री तो विकतो. फाईल आपल्या टेबलावर पडून राहणार नाही, एवढ्याच हमीची किंमत ३८ लाख होते. मामलेदार कचेरीत सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

यावरचा सरकारी उपाय सगळीकडे एकच: सह्या वाढवा. जर्मन राज्यघटनेनेच सैन्याची खरेदी मुलकी प्रशासनाकडे दिली आहे. ती पाहणारं कार्यालय कोब्लेंझला, ऱ्हाइन आणि मोझेलच्या संगमावरच्या गावात आहे. अडीच कोटी युरोंच्या वरचा प्रत्येक करार संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे जातो. पहारा चोख आहे. तरीही 'युरो हॉक' या टेहळणी ड्रोनवर ५० कोटींहून अधिक युरो गेल्यावर, २०१३मध्ये, कळलं की नेहमीच्या हवाई वाहतुकीत उडायची परवानगी त्याला मिळणं कठीण आहे. चोरी कोणीच केली नव्हती. प्रत्येकाने आपापला कागद नीट सांभाळला होता. पुढल्या वर्षी नव्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी त्या खात्याच्या सचिवांना घरी पाठवलं आणि मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतून काट्रिन झूडर यांना आणलं. बाहेरची हवा आत यावी म्हणून खिडकी उघडली, तर बाहेरच्या सल्लागारांना दिलेल्या कामांवरूनच पुढे संसदीय चौकशी लागली. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर १०० अब्ज युरोंचा खास निधी उभा राहिला. पैशाचा प्रश्न सुटला, पण कागद तेवढ्याच दारांतून फिरायचे होते.

आता परत घरी येऊ. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड स्टेशन लागतं, त्याच्या शेजारीच माझगाव डॉक. १९८१मध्ये भारताने कीलच्या एचडीडब्ल्यू या जर्मन कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन तिथे बांधायच्या, दोन माझगावात. १९८७मध्ये दलालीची कुणकुण लागली. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशी लावली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. माझगावच्या कामगारांनी 'शाल्की' १९९२मध्ये आणि 'शंकुल' १९९४मध्ये नौदलाला दिली. पुढच्या पाणबुड्यांचा विचार मात्र घोटाळ्याच्या सावलीत बारगळला. दुधाने तोंड पोळलं होतं, त्यामुळे पुढची फाईल कोणी उघडेना. पाणबुडीच्या पोलादाचं वेल्डिंग शिकलेले हात दुसऱ्या कामांना लागले, काही निवृत्त झाले. माझगावातून पुढची पाणबुडी, 'कलवरी', नौदलात आली ती २०१७मध्ये. ती फ्रेंच आराखड्याची होती आणि शिकणं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. त्या तेवीस वर्षांचा हिशेब मागायला कोणत्याही न्यायालयात खटला उभा राहिलेला नाही.