देवगिरीची पोती

श्रोतेहो, साठवण हा काय रेडिओवर बोलण्याचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. धान्याची कोठी आणि दुकानदाराची वही यांत व्याख्यान देण्यासारखे काय आहे? परंतु आमच्या कन्नडहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले आणि वेरूळ मागे पडले, की देवगिरीचा किल्ला दृष्टीस पडतो. एका राज्याचे दैव कोठारातील पोत्यांवर कसे अवलंबून राहिले, याची आठवण तो किल्ला करून देतो.

1296 साली अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी देवगिरीवर अकस्मात चालून आला. रामदेवराय यादवांचा पुत्र शंकरदेव त्या वेळी सैन्यासह दूर होता, म्हणून राजाने किल्ल्याचा आश्रय घेतला. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे, की कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती गडाच्या पायथ्याशी पडली होती. ती धान्याची समजून लोकांनी घाईघाईने वर नेली. ऐन निकडीच्या वेळी पोती उघडून पाहतात, तो आत मीठ! गड बेलाग होता, पण पोटाला अन्न नव्हते. राजास जबर खंडणी देऊन तह करावा लागला.

साठ्याच्या शास्त्राचा पहिला नियम या हकिकतीत आहे. पोत्यांची संख्या म्हणजे साठा नव्हे. पोत्यात काय आहे आणि ते कोणत्या स्थितीत आहे, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्यालाच आपल्याजवळ काय आहे हे सांगता येते. आजच्या मोठ्या गोदामांतून यंत्रे नोंदी ठेवितात, तरीही ठराविक काळाने माणूस पाठवून प्रत्यक्ष माल मोजून पाहावा लागतो, तो याचसाठी. वहीतील आकडा आणि फळीवरील वस्तू यांचा मेळ आपोआप राहत नाही.

दुसरा नियम खर्चाच्या वेगाचा. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकापूर्वीच्या काळात चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी दाणा व वैरण यांची बेगमी करून ठेविली होती. ती आज मिळते म्हणून मनास येईल तशी उधळली, तर ऐन पावसाळ्यात संपेल आणि घोडी उपाशी मरतील, असा इशारा महाराजांनी त्यात दिला. उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजी भस्म होतील, इतक्या बारीक गोष्टीकडेही त्यांचे लक्ष होते. परंतु त्या पत्राचा गाभा याहून पुढे आहे. छावणीतील साठा संपला की शिपाई कुणब्याच्या दाण्याला, लाकडाला, भाजीला हात घालतील, आणि रयतेला आपले सैन्य मोगलांहून वाईट वाटू लागेल, ही महाराजांची खरी चिंता होती. कोठारात एक निष्काळजी होतो आणि त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्याला भोगावे लागते. साठ्याचा हिशेब हा म्हणूनच नीतीचाही प्रश्न आहे.

तिसरा नियम राखीव साठ्याचा. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. गडावर पाण्याचा एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, दोनचार टाकी जखिऱ्याच्या पाण्याची बांधावीत आणि ते पाणी नित्याच्या खर्चास लावू नये, असा त्यात दंडक आहे. दारूगोळा नुसता साठवून न ठेवता थोड्याथोड्या दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवावा आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा, असेही त्यात सांगितले आहे. राखीव म्हणजे विसरलेला नव्हे, हे अमात्यांनी किती नेमके ओळखले होते!

चौथा नियम आपल्या आजीबाईंना शाळेवाचून ठाऊक होता. जुन्या मातीच्या कोठीला धान्य भरण्याचे तोंड वर असे आणि काढण्याचे भोक तळाशी. आधी भरलेले आधी बाहेर पडे. जुने तळाशी किडत राहिले आणि नवे वरच्यावर संपले, असे होण्यास वावच नव्हता.

आता एका वेळी किती आणावे, हा प्रश्न उरला. मी बरीच वर्षे मुलांना गणित शिकविले, म्हणून येथे थोडे आकडे सांगितल्यास क्षमा असावी. 1913 साली फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने याचे सूत्र मांडले. समजा, एका दुकानदारास वर्षाला साखरेची 72 पोती लागतात. एका खेपेचा खर्च 400 रुपये, आणि एक पोते वर्षभर सांभाळण्याचा, म्हणजे गुंतलेल्या पैशाचे व्याज, जागा व नासधूस धरून, 100 रुपये. त्याने प्रत्येक वेळी 24 पोती आणावी. वर्षाच्या तीन खेपांस 1200 रुपये लागतील, आणि दुकानात सरासरी 12 पोती राहत असल्याने सांभाळण्यासही 1200च. दोन्ही पारडी समान झाली, की एकूण खर्च सर्वांत कमी. गंमत अशी, की धंदा चौपट झाला तरी खेपेचा माल दुप्पटच करावयाचा असतो. भरमसाट साठविणे हे शहाणपण नव्हे, हे गणितानेच सिद्ध होते.

कोणी म्हणेल, आता फोन केला की माल दारी येतो. मग साठा हवाच कशाला? जपानातील टोयोटा कारखान्याने हवे तेव्हा, हवे तेवढेच आणण्याची पद्धत जगाला शिकविली, हे खरे. परंतु ती पद्धत वाट मोकळी आहे असे गृहीत धरते. 2021 च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीने आमच्या कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावची वाट बंद पडली. त्याआधी 2020 च्या टाळेबंदीत मोठमोठ्या शहरांतही वाण्याच्या दुकानाबाहेर रांगा लागल्या. म्हणून जुना नियम असा, की नवा माल येईपर्यंत जेवढा लागेल तेवढा, आणि वाट अडली तर थोडा अधिक, हाताशी असतानाच पुढची मागणी धाडावी. कोठी रिकामी झाल्यावर मागणी धाडणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

श्रोतेहो, घरात या नियमांची हयगय झाली, तर फार तर एक दिवस चहा बिनसाखरेचा होईल. परंतु दवाखान्याच्या कपाटात औषध मुदत उलटून पडलेले असेल, अथवा मृगाच्या तोंडावर बियाण्याचे पोते उघडल्यावर दाणा किडका निघेल, तर त्याची किंमत त्या कोठाराची किल्ली कधी हाती न घेतलेला रोगी अथवा शेतकरी देतो. ज्याच्या कमरेला किल्ली आहे, त्याने पोते वेळीच उघडून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.