जुनी वास्तू : पाडावी की राखावी?
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



खाडियातील पोळेमध्ये असलेली मंडळाची जुनी वास्तू पाडून तेथे नवी इमारत उभारावी, असा प्रस्ताव आपणापुढे आहे. त्यावर मत देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा विचार व्हावा, एवढ्यासाठी कार्यकारिणीच्या वतीने आम्ही हे चार शब्द बोलत आहोत.

पाडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. आपली बहुतेक कुटुंबे आता साबरमतीच्या पलीकडे किंवा मणिनगरकडे राहतात. पोळेत मोटार शिरत नाही. उभा, अरुंद जिना वृद्धांना चढवत नाही. पावसाळ्यात छप्पर गळते आणि मागील बाजूच्या तुळयांना वाळवी लागली आहे. ज्या छताखाली मुले बसतात, ते सुरक्षित असलेच पाहिजे.

परंतु पोळेतील घर हे बंगल्यासारखे सुटे नसते. त्याच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात. एक घर काढले, तर दोन्ही बाजूंच्या घरांचा आधार सुटतो. लाकडी सांगाडा आणि त्यात विटांची भरणी, ही या घरांची रचना. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात याच शहरातील अनेक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. पोळांतील लाकडी सांगाड्याची पुष्कळ जुनी घरे मात्र तगली. तेव्हा ‘जुने म्हणजे धोक्याचे, नवे म्हणजे निर्धोक’ हे समीकरण येथे तरी सिद्ध होत नाही. उजेड आणि वारा देणारा मधला चौक, त्याखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके, ही सोय नव्या आराखड्यात कोठेच नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची. १४११ साली अहमदशहाने वसविलेल्या या नगरीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशवे आणि गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता. रायखड भागातील गायकवाड हवेली आजही त्या नावाने ओळखली जाते. म्हणजे या तटबंदीच्या आत आपण अगदीच उपरे नाही. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भारतातील शहरांत हा मान प्रथम अहमदाबादला मिळाला. तो केवळ मशिदींना, मंदिरांना आणि दरवाजांना मिळालेला नाही. एकमेकांना खांदा देऊन उभ्या असलेल्या साध्या घरांनाही मिळाला आहे. अशी घरे एकेक करून गेली, तर उरेल ते केवळ नाव.

आपली वास्तू महापालिकेच्या वारसा-यादीत आहे. पाडायची तर परवानगी मागावी लागेल. परवानगी मिळेल की नाही, हा पुढचा प्रश्न. ती मागावी की नाही, हा आजचा प्रश्न आहे. यादीतील घरांच्या मालकांना न वापरलेला बांधकामाचा हक्क अन्यत्र बांधणाऱ्यास विकून त्या पैशातून दुरुस्ती करण्याची तरतूद आहे. तिचा विचार केल्यावाचून ‘दुरुस्ती परवडत नाही’ असे म्हणणे घाईचे होईल.

म्हणून आमची सूचना अशी. जुन्या लाकूडकामाची जाण असलेल्या स्थापत्य अभियंत्याकडून प्रत्येक खांब आणि तुळई तपासून घ्यावी. दोन्ही शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकावे. दुरुस्ती आणि नवी इमारत, दोहोंचा खर्च लेखी मांडावा. मुलांचे वर्ग तोवर अन्यत्र भरवावेत. मागची बाजू खरोखरच सडली असेल, तर तेवढीच उतरवून पुन्हा बांधावी. मोठ्या समारंभांसाठी नदीपलीकडे सभागृह भाड्याने घेता येईल. ग्रंथालय आणि वर्ग मात्र दुरुस्तीनंतर जुन्या घरीच नांदावेत. सहा महिन्यांत हे सारे सभेपुढे यावे. टाळाटाळ हाही घर पाडण्याचाच एक मार्ग आहे, फक्त त्यात निर्णयाची जबाबदारी पावसावर ढकलली जाते.

पूर्वसूरींनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी जमविली, म्हणून ही वास्तू आपल्या हाती आली. त्यांच्या आठवणीसाठी मोडके घर कवटाळून बसा, असे आम्ही म्हणत नाही. पाडलेले घर मात्र पुढील पिढीला परत उभे करता येत नाही. दुरुस्त केलेल्या घराविषयी तिला स्वतःचा निर्णय घेता येतो. तो अधिकार तिच्यासाठी राखून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.