घटनेतील ‘व्यक्ती’ आणि परका रोगी
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयोजकांनी मला मानवी हक्कांवर बोलायला सांगितले. विषय फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतो. एखादा परदेशी माणूस आपल्या देशात आहे. राहण्याचे कागद नाहीत, किंवा त्यांची मुदत संपली आहे. आणि तो असा आजारी आहे, की उपचार थांबले तर जगणार नाही. सरकारने त्याला त्याच्या देशात पाठवून द्यावे काय?

तुम्ही म्हणाल, याचा भंडाऱ्याशी काय संबंध? संबंध आहे. 1999 पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होता. तिथे अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या बाजूला, 1972 साली तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत उभी झाली. हिवाळ्यात स्वेटर विकणारी तिबेटी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेही बुद्धाला मानणारे. पण त्यांच्यातले पुष्कळ जण कायद्याच्या भाषेत आजही ‘परकीय’ आहेत, नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात. त्यांना कोणी हाकलत नाही, ही चांगली गोष्ट. परंतु ते सरकारच्या धोरणामुळे. धोरण आज आहे, उद्या बदलू शकते. मग त्यांच्या हाती हक्क म्हणून काय उरते?

त्यासाठी घटना उघडून बघा. कलम 19 मध्ये भाषणाचे, संचाराचे, कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, ते ‘नागरिकांना’. कलम 14 आणि 21 मध्ये मात्र शब्द ‘व्यक्ती’ असा आहे. समानता आणि जीविताचे संरक्षण हे व्यक्तीला आहे, मग तिच्या हातात कोणत्या देशाचा पासपोर्ट असो की नसो. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते हे तुम्हाला सांगायला नको. हेच बाबासाहेब 1954 साली या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि आपण त्यांना निवडून दिले नाही. ते असो.

या एका शब्दाचा उपयोग झाला तो चकमा लोकांच्या बाबतीत. हेही बौद्ध. पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले, त्यात त्यांची जमीन बुडाली आणि 1964 मध्ये ते भारतात आले. पुढे अरुणाचलात त्यांना ‘निघून जा, नाहीतर बघून घेऊ’ अशा धमक्या मिळू लागल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. 9 जानेवारी 1996 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे.

पण इथे थांबून चालणार नाही. त्याच न्यायालयाने 1955 साली हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या प्रकरणात म्हटले होते की परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. 1979 मध्ये भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, तेव्हाही परकीयांना घालवण्यासंबंधीच्या कलम 13 पुरते ‘आम्ही आमचाच कायदा लावू’ असे लिहून दिले. 1946 चा परकीयांविषयीचा कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा लागू झाला, तरी घालवण्याचा अधिकार सरकारकडेच आहे. म्हणजे परक्याला जगण्याचा हक्क आहे, राहण्याचा नाही. रोगी माणूस या दोन वाक्यांच्या मधोमध सापडतो. त्याला घालवले की त्याचा जगण्याचा हक्कही सोबतच जातो.

युरोपात या पेचावर न्यायालयांनी बराच विचार केला आहे. सेंट किट्स या छोट्या बेटावरचा एक माणूस कोकेन घेऊन इंग्लंडमध्ये उतरला, शिक्षा झाली, आणि तुरुंगात त्याला एड्स असल्याचे कळले. सुटल्यावर त्याला परत पाठवायचे ठरले. तिथे ना औषध, ना घरचे कोणी. 1997 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालय म्हणाले, गुन्हेगार असला तरी मरणासन्न माणसाला असे पाठवणे म्हणजे अमानुष वागणूक. 2008 मध्ये युगांडाच्या एका बाईच्या बाबतीत तेच न्यायालय मागे सरकले. ती अजून मरणाला टेकलेली नाही, तेव्हा पाठवायला हरकत नाही, असा निकाल झाला. माझ्या मते तो निकाल चूक होता. औषधावर उभ्या असलेल्या माणसाचे औषध काढायचे आणि म्हणायचे की तो उभा आहे! शेवटी 13 डिसेंबर 2016 रोजी बेल्जियममधल्या एका जॉर्जियन माणसाच्या प्रकरणात न्यायालयाने कसोटी सुधारली. प्रकृती झपाट्याने, कायमची बिघडून तीव्र यातना होतील किंवा आयुष्य बरेच घटेल असा खरा धोका असेल, तरी पाठवता येत नाही. उपचार त्या देशात नुसते असून भागत नाही. ते या माणसाला परवडतात का, किती दूर आहेत, घरचे कोणी आहे का, हे पाठवणाऱ्या सरकारने आधी तपासायचे. ल्युकेमिया झालेला तो माणूस निकालाच्या सहा महिने आधीच वारला होता.

आपल्याकडे एप्रिल 2025 मध्ये काय झाले ते आठवा. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे 27 एप्रिलपासून रद्द झाले. वैद्यकीय व्हिसावाल्यांना 29 एप्रिलपर्यंत, म्हणजे दोन दिवस जास्त मिळाले. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली मुलेही परत गेल्याच्या बातम्या होत्या. हल्ला भयंकर होता, सरकारचा राग समजतो. पण रोग्याचा प्रश्न वेगळा आहे हे सरकारनेही मानले, म्हणून तर दोन दिवस दिले. फक्त प्रत्येकाची प्रकृती पाहून नव्हे, तर सरसकट.

गावात यावर एक प्रश्न हमखास येतो : “आमालेच सरकारी दवाखान्यात खाट भेटत नाही, मंग बाहेरच्याले काहून?” प्रश्न खोटा नाही. 1992 मध्ये बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत लावले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला भरपाई दिली आणि म्हटले की हा कलम 21 चा भंग आहे. पहा, आपल्याला खाट मागण्याचा हक्क ज्या कलमातून येतो, त्याच कलमात तो परकाही उभा आहे. त्याला हात धरून बाहेर काढले म्हणून आपली खाट वाढत नाही. शिवाय जगभरच्या रोग्यांना फुकट औषध द्या असे कोणतेही न्यायालय म्हणत नाही. गाडीत बसवण्याआधी डॉक्टरचा कागद वाचा, एवढेच मागणे आहे.

तेव्हा असे प्रकरण तुमच्या समोर आले तर काय करायचे? जिल्ह्यात परकीयांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात असते, तिथे आधी लेखी द्या. डॉक्टरकडून नुसते ‘आजारी आहे’ असे लिहून घेऊ नका. रोग कोणता, औषध कोणते, आणि ते थांबले तर किती दिवसांत काय होईल, हे लिहून घ्या. घाई असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात कलम 226 खाली अर्ज करता येतो, आणि तो परकीयालाही करता येतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला साध्या कागदावर तक्रार पाठवता येते. फी लागत नाही, आणि ती मराठीत लिहिली तरी चालते.