पहिल्या सत्रांतच हात द्या
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं मागील पिढ्यांचे उपकार आठवणें हें आपणां सर्वांचें कर्तव्यच आहे. ज्या पूर्वजांनीं केळीच्या वाडीचें व भाजीच्या टोपलीचें उत्पन्न पोटास चिमटा घेऊन बाजूस ठेविलें आणि हें देऊळ उभारलें, त्यांनींच देवळाच्या सावलीस शाळाही उभी केली. त्या शाळेच्या पुण्याईनें आज आपल्या बहुतेक घरांत महाविद्यालयाची पायरी चढलेलें एक तरी मूल आहे. तथापि पायरी चढणें निराळें आणि आंत टिकणें निराळें. आज आम्हांस बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या गोष्टीविषयीं.

कांहीं वर्षांपूर्वींची एक हकीकत सांगतों. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मराठींतून बारावी चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेला आपल्यांतील एक मुलगा वाणिज्य शाखेच्या पदवीसाठीं शहरांत गेला. तेथें सारें शिक्षण इंग्रजींतून. पहिल्या चाचणींत तो दोन विषयांत नापास झाला. घरीं त्यानें तें सांगितलें नाहीं. रोज पहाटेच्या लोकलनें तो निघे. परंतु वर्गांत न जातां कधीं फलाटावरील बाकावर, कधीं समुद्रकांठीं दिवस काढी आणि सायंकाळीं परते. हजेरी अपुरी असल्याचें पत्र दिवाळीच्या सुमारास घरीं आलें, तेव्हां बापास हें कळलें. पुढें तो मुलगा पुन्हां महाविद्यालयांत गेला नाहीं. आज तो कष्टानें पोट भरतो व त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. पण स्वतः निवडलेली वाट त्यास अर्ध्यावर सोडावी लागली, ही गोष्ट खरी.

या प्रकरणीं महाविद्यालयास दोष देणें सोपें आहे. आम्हांस मात्र आमचाच दोष बोचतो. ऑगस्ट महिन्यांतच तो गायनवृंदाच्या सरावास येईनासा झाला होता. रविवारीं मिस्सा संपतांच तो कोणाशीं न बोलतां निघून जाई. आम्हीं हें डोळ्यांनीं पाहिलें आणि ‘अभ्यास वाढला असेल’ असें म्हणून समाधान मानिलें. विचारावयाचा एक प्रश्न आम्हीं विचारिला नाहीं.

पहिल्या वर्षीं मूल अडखळतें, तें बहुधा आळसामुळें नव्हे. शाळेंत गुरुजी वही तपासत, गैरहजर राहिल्यास घरीं निरोप धाडीत. महाविद्यालयांत शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गांत कोण आलें नि कोण गेलें, हें प्राध्यापकांच्या ध्यानीं येईलच असें नाहीं. टिपणें कशीं घ्यावीं, हें कोणीं शिकविलेलें नसतें. भाषा परकी, प्रवास लांबचा, आणि घरांत विचारावें तर त्या वाटेनें आधीं कोणी गेलेलें नसतें. या साऱ्यावर लज्जेची भर पडते. गांवांत हुशार म्हणून वाखाणलेल्या मुलास ‘मला समजत नाहीं’ हे तीन शब्द उच्चारणें फार जड जातें.

अशा वेळीं काळाचें महत्त्व मोठें आहे. हिशेबशास्त्रासारखा विषय विटेवर वीट रचावी तसा वाढतो. नांवें आणि जमा यांचा पाया कच्चा राहिला, तर पुढचा ताळेबंद कधींच जुळत नाहीं. सत्र सुमारें पंधरा आठवड्यांचें असतें. चौथ्या-पांचव्या आठवड्यांतील उणीव कांहीं सायंकाळच्या शिकवणीनें भरून निघते; चौदाव्या आठवड्यांत ती भरणें जवळजवळ अशक्य होतें. हजेरीचेंही तसेंच. मुंबई विद्यापीठाच्या नियमानुसार शेंकडा ७५ हजेरी लागते. म्हणजे शंभर तासांतील पंचवीसच चुकवितां येतात. पहिला महिना वायां गेला, कीं ती शिल्लक संपलीच म्हणून समजावें.

या बाबतींत आपल्या पवित्र सभेंतील एका थोर विद्यार्थ्याचें उदाहरण आम्ही आपणांपुढें ठेवतों. संत इग्नाशियस लोयोला १५२४ सालीं बार्सिलोना येथें लॅटिन शिकावयास बसले, तेव्हां त्यांचें वय तेहतीस वर्षांच्या आसपास होतें. व्याकरण पाठ करूं लागतांच त्यांचें मन आध्यात्मिक चिंतनांत रमे आणि पाठ मागें पडे. हा मोह आहे हें ओळखून त्यांनीं आपल्या शिक्षकास चर्चमध्यें नेलें, मोकळ्या मनानें सारी अडचण सांगितली, आणि दोन वर्षें एकही पाठ न चुकविण्याचें वचन दिलें. पुढें आल्काला येथें त्यांनीं घाईनें अनेक विषय एकदम हातीं घेतले आणि पाया कच्चा राहिला. १५२८ सालीं पॅरिसला पोहोंचल्यावर ही उणीव ध्यानीं येतांच ते लहान मुलांच्या बरोबरीनें पुन्हां लॅटिनच्या वर्गांत बसले. त्यानंतर सँत-बार्ब महाविद्यालयांत त्यांस पीटर फेबर हा वयानें पंधरा वर्षांनीं लहान असलेला सोबती भेटला. त्यानें त्यांस तत्त्वज्ञानाच्या अभ्यासांत साह्य केलें. त्याच खोलींत राहणारा तिसरा सोबती म्हणजे फ्रान्सिस झेवियर, जे १५४२ सालीं गोव्यास आले. ज्या संस्थापकाच्या संघानें पुढें देशोदेशीं विद्यालयें उघडलीं, त्यासही शिकतांना दुसऱ्याचा हात धरावा लागला. मग आपल्या मुलांनीं तो धरण्यांत कसली लाज?

आज विद्यापीठांसही ही गरज पटली आहे. अमेरिकेंतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठानें २०१२ सालापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर संगणकाच्या साह्यानें लक्ष ठेवण्याची पद्धत घातली. धोक्याची खूण दिसतांच सल्लागार स्वतः विद्यार्थ्यास बोलावून घेतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं ‘दीक्षारंभ’ नांवाची मार्गदर्शिका काढली. तींत नव्या विद्यार्थ्यांच्या लहान गटास एक मार्गदर्शक प्राध्यापक असावा असें सुचविलें आहे. अनेक महाविद्यालयांत समुपदेशक असतात, कित्येक ठिकाणीं मागें पडलेल्यांसाठीं जादा वर्गही चालतात. परंतु दार उघडें असलें तरी मुलास दारापर्यंत नेणारें कोणी तरी हवें. तें काम घराचें आणि धर्मग्रामाचें आहे.

तेव्हां मातापित्यांस आमची विनंती अशी : ‘अभ्यास कसा चालला आहे?’ असें विचारूं नका. ‘बरा’ एवढेंच उत्तर मिळेल. ‘या आठवड्यांत कोणता धडा समजला नाहीं?’ असें विचारा. उत्तर मिळाल्यावर रागावूं नका, आणि शेजारच्या मुलाशीं तुलना तर मुळींच करूं नका. झोप उडणें, जेवण टाकणें, सोबत्यांस टाळणें, चाचणीचे गुण लपविणें, या खुणा दिसल्या तर सत्र संपण्याची वाट पाहूं नका. मुलास प्रथम विषयाच्या प्राध्यापकांकडे, नंतर मार्गदर्शक प्राध्यापकांकडे वा समुपदेशकांकडे जाऊं द्या. एकट्यास धैर्य होत नसेल, तर कोणी तरी वडील माणसानें दारापर्यंत सोबत जावें. मन फारच खचलेलें दिसल्यास केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. आणि जें कानीं येईल तें ओटीवर वा बाजारांत बोलूं नये. एकदां चर्चा झाली, कीं दुसरें मूल तोंड उघडणार नाहीं.

धर्मग्रामापुढें आमची एक सूचना आहे. संत इग्नाशियस यांचा सण ३१ जुलै रोजीं येतो. महाविद्यालयें सुरू होऊन तोंवर कांहीं आठवडे झालेले असतात. म्हणजे वेळ नेमकी योग्य. त्या सणालगतच्या रविवारीं मिस्सेनंतर पहिल्या वर्षाच्या सर्व मुलामुलींस एकत्र बोलवावें. वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें दोघां नवख्यांस आपलेसें करावें, जसें फेबरनें इग्नाशियस यांस केलें. शाळेची एक खोली आठवड्यांतून दोन सायंकाळीं उघडी ठेवावी. तेथें आपल्यांतील शिक्षकांनीं व सेवानिवृत्त मंडळींनीं इंग्रजी आणि हिशेब शिकवावे. यास द्रव्य फारसें लागणार नाहीं. लागेल तो वेळ आणि माया.

प्रभूच्या दाखल्यांतील मेंढपाळानें वर्षाअखेरच्या मोजणीची वाट पाहिली नाहीं. एक मेंढरूं कमी आहे हें कळतांच तो निघाला. ज्याच्या मागें आम्ही वेळेवर निघालों नाहीं, तो मुलगा रविवारीं आजही देवळांत येतो. आतां मिस्सेनंतर आम्ही त्याच्याशीं बोलतों. परंतु उशीरा विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नाहीं आणि आमच्यापाशींही नाहीं. या महोत्सवी वर्षापासून तरी असा उशीर आपल्या हातून न घडो, अशी प्रभुचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.