अजिंठ्याच्या भिंतीवरचे जहाज



समुद्राची चित्रे काढणाऱ्या चित्रकारावर मी बोलणार म्हटल्यावर घरात हसे झाले. खानदेशात तापी-गिरणेपलीकडे पाणी कुठले? पण जळगावहून साठेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात, सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी रंगवलेले जहाज आहे. रंगवणाऱ्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही. त्याची ओळख त्या भिंतीवरूनच करून घ्यायची.

गोष्ट पूर्णाची. सोपाऱ्याच्या, म्हणजे वसईजवळच्या नालासोपाऱ्याच्या, व्यापाऱ्याला दासीपासून झालेला हा मुलगा पुढे भिक्षू झाला. थोरला भाऊ भविल चंदन आणायला समुद्रापार गेला. यक्षाने वादळ उठवले. भावाने पूर्णाचा धावा केला आणि त्या दासीपुत्रानेच सर्वांना तारले.

जहाजाला तीन डोलकाठ्या, उंच शिडे, मागे सुकाणूची वल्ही. हे कुणी ऐकून काढलेले वाटत नाही. आणि रांजण! ओळीने मांडून ठेवलेले. भोवती पाणीच पाणी, पण पिण्याचे बरोबर न्यावे लागते. उन्हाळ्यात नळाची वाट पाहणाऱ्या आपण बायका. माझी नजर आधी तिथेच गेली. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली हिंदी नौकानयनाचा इतिहास लिहिला, त्यात याच जहाजाचा दाखला दिला.

ही चित्रे उतरवून घेणाऱ्यांचे नशीब मात्र खोटे. १८४४ पासून रॉबर्ट गिल साहेबाने वर्षानुवर्षे नकला केल्या; लंडनला १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. तो १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. शाळेचे ग्रिफिथ्स, पेस्तनजी बोमनजी व इतर विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी लंडनलाच आगीत गेल्या. ग्रिफिथ्सचा ग्रंथ १८९६ साली निघाला, म्हणून निदान छापील रूपात काही उरले.

माती आणि भुशाच्या गिलाव्यावरचे मूळ चित्र मात्र अजून आहे. त्याचेही पापुद्रे सुटतात. सहलीला जाल तेव्हा मुलांना भिंतीला हात लावू देऊ नका, झगझगीत उजेड पाडू नका. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबा, आणि रांजण किती ते मोजून या.