कोणी, कोणीतरी, कोणीही



पेण तालुक्यातलं डोलवी हे धरमतरच्या खाडीलगतचं गाव. उधाणाच्या रात्री शेताच्या बांधाला खांड पडली, तर तिथला शेतकरी ओरडेल, "अरे, कोणीतरी या रे!" कोण येणार हे त्याला माहीत नाही, पण यायला तर हवंच. ‘कोणीही या’ म्हटलं की अर्थ बदलतो. मग ती सर्वांना दिलेली मोकळीक होते. इंग्रजी शिकताना ‘समवन’ आणि ‘एनीवन’ यांत मुलं अडखळतात. त्यांच्या तोंडी असलेले हे ‘तरी’ आणि ‘ही’ आधी दाखवा, निम्मी अडचण तिथंच सुटते.

दोन्ही भाषांनी वाटा मात्र वेगळ्या धरल्या. इंग्रजीतला ‘वन’ म्हणजे एक, आणि ‘एनी’ हा शब्दही मुळात त्याच एकापासून निघालेला. म्हणजे इंग्रजीनं अनोळखी माणूस मोजला. मराठीनं त्याच्याविषयी प्रश्न विचारला. संस्कृत ‘कः पुनः’पासून प्राकृतात ‘कवण’ झालं. ज्ञानेश्वरीत हे ‘कवण’ भेटतं. त्याचं पुढे ‘कोण’ झालं आणि त्यातूनच ‘कोणी’ आलं. हिंदीतलं ‘कोई’ संस्कृत ‘कोऽपि’पासूनचं, तिथंही मुळाशी प्रश्नच आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आपली क्रियापदाची रीत. दार वाजलं की आपण म्हणतो, "कोणीतरी आलंय." बाई की पुरुष हे कळलेलं नसतं, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी. अशा माणसाचा पुन्हा उल्लेख करताना इंग्रजीला ‘दे’ हे अनेकवचन एकट्या माणसासाठी वापरावं लागतं, आणि त्यावर तिथं पुष्कळ वाद झाले.

शाळेत मात्र ‘सामान्य किंवा अनिश्चित सर्वनाम’ एवढी एक ओळ पाठ करून घेतात आणि पुढे जातात. ‘कोणी’ आणि ‘कुणी’ दोन्ही बरोबर, हेसुद्धा पुष्कळ मुलांना सांगितलं जात नाही. आगरी घरात ‘कोनी’ म्हणतात. त्यासाठी वर्गात मुलाला हिणवणं हा अन्याय आहे. डोलवीत पोलादाचा कारखाना उभा राहिला, परप्रांतांतली कुटुंबं आली, ‘कोई’ म्हणणारी मुलंही वर्गात आली.

शिक्षकांना माझी विनंती आहे: ‘कोनी’, ‘कोणी’, ‘कोई’ आणि ‘समवन’ हे चारही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि पहिल्या तीन शब्दांपैकी प्रत्येकाचं वाक्य ज्याच्या घरात तो बोलला जातो, त्या मुलाकडून घ्या.