दोन हातांची बाराखडी



न्यू जर्सीत सर्वांचं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षानं फार बोलू नये असा संकेत आहे. मी तर बोलतच नाही. माझे हात चालताहेत आणि त्यांचं मराठी आमच्या दुभाषी ताई करताहेत. तेव्हा चुका त्यांच्या, टाळ्या माझ्या. टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून हलवायचे. वाजवल्यात तर आमच्यापर्यंत पोचणार नाहीत.

आपल्या या कर्णबधिरांच्या मंडळाला 'दक्षिण आशियाई' हे नाव अनुदानासाठी दिलं का, असं काल एका गृहस्थांनी विचारलं. नाही हो. उलरिके झेशान या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीच्या आणि कराचीच्या कर्णबधिरांची खुणांची भाषा ताडून पाहिली, तेव्हा शब्दांत थोडाफार फरक सापडला, व्याकरण मात्र एकच निघालं. फाळणी आमच्या हातांपर्यंत पोचलीच नव्हती. माझी आणि मंडळातल्या एका कराचीवाल्याची पहिल्याच भेटीत तासभर गप्पांची मैफल जमली. सख्ख्या आत्याशी मी जन्मात तेवढं बोलले नव्हते.

आमच्या आधीच्यांसाठी अमेरिकेचं दार बंद होतं. 'सरकारवर भार पडेल' अशा माणसाला देशात घ्यायचं नाही, असं अमेरिकेच्या 1882च्या कायद्यात होतं, आणि त्याच सबबीवर एलिस बेटावरून कितीतरी बहिऱ्यांना आल्या बोटीनं परत धाडलं गेलं. आपल्याकडचे मदन वशिष्ठ 1967मध्ये वॉशिंग्टनला कर्णबधिरांच्या गॅलॉडेट कॉलेजात शिकायला आले. अकराव्या वर्षी ऐकू येणं बंद झालेला हा माणूस पुढे भारतीय खुणांच्या भाषेवरच्या सुरुवातीच्या संशोधनात होता. त्या कामात मुंबईही होती. आम्ही बाकीचे आलो ते कुणी भावाच्या मागे, कुणी नवऱ्याच्या.

मी दादरची. शाळेत बाई तोंडासमोर कागदाची पट्टी धरायच्या. 'प' म्हटल्यावर ती हलली की शाबासकी, हात हलले की छडी. बहिऱ्या मुलांना खुणा नकोत, तोंडानं बोलायलाच शिकवा, असा 1880मध्ये मिलानला ऐकणाऱ्या शिक्षकांनी ठराव केला, त्याचे वळ शंभर वर्षांनी दादरला उठत होते. खरी भाषा शिकले ती लोकलच्या अपंगांच्या डब्यात. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, आणि चर्चगेटपर्यंत सगळ्यांचे हात चालू.

इथे आले आणि पुन्हा मुकी झाले. आपली इंग्रजी अक्षरं ब्रिटिशांसारखी दोन हातांची, पाच स्वर पाच बोटांच्या टोकांवर. 'ए' म्हणजे डाव्या अंगठ्याचं टोक. अमेरिकेत 'ए' म्हणजे एका हाताची मूठ. इथल्या बहिऱ्यांच्या क्लबात मी अंगठ्याला बोट लावलं, तर समोरच्या बाईंनी बँडेड आणून दिलं! माणसं प्रेमळ होती, पण वरणभातासाठी जीव का कासावीस होतो ते त्यांना कळणं कठीण. आणि आपल्या लोकांच्या एका मंडळात गणपतीला तीन तास शेवटच्या रांगेत बसून मला कळला तो फक्त महाप्रसाद. दुभाषी मिळेल का विचारलं, तर चिठ्ठीवर उत्तर आलं, 'एवढ्या एकीसाठी?'

म्हणून एका तळघरात आम्ही सातजण जमलो. तेच हे मंडळ. घटना, ठराव नंतर आले. आधी खिचडी होती. दोन-दोन तास गाडी हाकत लोक यायचे, आणि गाडी हाकण्याचंच अप्रूप केवढं! भारतात बहिऱ्यांना लायसन्सची वाट 2011मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं मोकळी केली. इथे ते आम्हाला पहिल्या वर्षी मिळालं. निघताना दिवे मिचकावले तरी कुणी हलायचं नाही. मग अंगणात, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात आणखी तासभर.

इथल्या 1990च्या अपंग हक्क कायद्यानं इस्पितळात, कोर्टात दुभाषी मिळाला. तो इंग्रजीचा. बारशाला, सप्तपदीला, आजी गेली त्या रात्री घरात जे मराठी, गुजराती, उर्दू बोललं जातं, ते आमच्यापर्यंत कोण आणणार? आमची ऐकणारी मुलं. माझ्या वडिलांच्या आजाराची बातमी माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं फोनवर ऐकली आणि हातांनी मला सांगितली. हे काम त्या वयाचं नव्हतं. मंडळानं स्वतःचे दुभाषी तयार करायला घेतले ते त्यानंतर. आजच्या ताई त्यांतल्याच.

सभागृहात ऐकणारे आईबाप बरेच दिसताहेत. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. दुपारी तीन वाजता खुणांची शिकवणी आहे; लेकराचं नाव बोटांवर लिहायला अर्धा तास पुरतो. चहाला जाण्याआधी त्या वहीत आपलं नाव घाला. दिवे दोनदा मिचकावले की पहिलं सत्र सुरू.